मागची सायकल

मुलीच्या बापानं वाकून राहावं असं आपल्याकडं सगळेच सांगतात. पण सायकलच्या सीटवर तसं वाकून बसलं की कमरेचं काय होतं, ते चाकूरच्या गुरुपादप्पांना विचारावं.

या माणसाची अर्धी हयात सायकलवरच गेली. तरुणपणी पितळेची आणि जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी कॅरिअरला बांधून ते आठवडी बाजार करायचे. आज या गावाला, उद्या त्या गावाला. ऊन म्हणू नका, वारा म्हणू नका. पातेल्यांचा खडखडाट ऐकून बाया दारात यायच्या. पुढं चाकुरात भांड्यांचं लहानसं दुकान टाकलं, तेव्हा गल्ल्यावर बसल्याबसल्या त्यांना एकच सुख वाटायचं. आता सायकल नाही! ती काळी, दणकट सायकल त्यांनी दुकानामागं भिंतीला टेकवली आणि तिच्याकडं पाठ फिरवली. गुडघे तोवर झिजून गेलेच होते.

पण माणूस योजतो एक. त्यांची अंजू रेणापूरच्या धोंडप्पांच्या सोमेशला दिली. व्याही, म्हणजे तिकडच्या बोलीत इवाई, मोठा शेतकरी, आवाजाला खणखणीत, मनानं वाईट नाही; पण आपण म्हणू ती पूर्व. अंजूच्या लग्नात टॉवेल-टोपीचा मान देताना गडबडीत कुण्या दूरच्या मामाला आधी टॉवेल गेला आणि धोंडप्पांना मागून. एवढीशी गोष्ट. पण धोंडप्पा कितीतरी महिने चाकुरात फिरकले नाहीत, आणि त्या टॉवेलाचं अंजूला सासरच्या चुलीपुढं पुढची दिवाळी येईपर्यंत ऐकावं लागलं. तेव्हापासून गुरुपादप्पांनी कानाला खडा लावला. इवायाच्या पुढं काही जायचं नाही. ना टॉवेल, ना शब्द, ना पाऊल.

पुढं धोंडप्पांना साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. नांदेडला नोकरीला असलेल्या सोमेशनं बापाला गिअरची सायकल घेऊन दिली, आणि धोंडप्पांना तिचं असं वेड लागलं की विचारता सोय नाही. हायवेला चाक लावायचं नाही, हा त्यांचा पण. ट्रक नको, धूर नको, हॉर्न नको. पांदण, गाडवाट, माळ, डोंगराच्या कुशीतली चिंचोळी वाट. असल्या रस्त्यांनी दोन-दोन, तीन-तीन दिवस भटकायचं. एकट्यानं करमेना, तेव्हा ते चाकूरला येऊन म्हणाले, "इवाई, तुमी चला की संगट. तुमी तर जुने सायकलवाले!"

गुरुपादप्पांच्या मनात 'नाही' होतं, तोंडातून निघालं, "हाव."

"अवं, गुडघा?" आत गेल्यावर त्यांच्या बायकोनं, नीलाबाईंनी विचारलं.

"गुडघ्यापेक्षा पोरगी मोठी हाय," ते म्हणाले आणि काळ्या सायकलवरची धूळ झटकायला गेले.

तेव्हापासून धोंडप्पा पुढं आणि गुरुपादप्पा मागं. बालाघाटाचे डोंगर पाहायला लोक लांबून येत असतील, गुरुपादप्पांनी पाहिला तो इवायाच्या सीटखालचा लाल दिवा. सायकलवाल्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही, ती म्हणजे चढ आला की आधीच चार पायडल जोरात मारून वेग घ्यायचा. पण पुढं इवाई असला तर वेग घेऊन जाणार कुठं? म्हणून प्रत्येक उतारावर ब्रेक दाबायचा आणि प्रत्येक चढ मेलेल्या वेगानं, नुसत्या गुडघ्याच्या जोरावर काढायचा. वर पोचून धोंडप्पा छाती भरून श्वास घेत आणि म्हणत, "काय शांतता हाय, इवाई! जिवाला कसं बरं वाटून राहिलंय!" गुरुपादप्पा मान हलवायचे. बोलायला दम कुणाजवळ होता?

घरी आल्यावर नीलाबाई तेल कोमट करून गुडघ्याला चोळत. दर वेळी त्या म्हणत, आता सांगून टाका. दर वेळी ते म्हणत, सांगतो. आणि दर वेळी फोन आला की पुन्हा हाव. नाही म्हटलं आणि इवायाला लागलं, तर ते कुठं जाऊन निघेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

यंदा धोंडप्पांनी ठरवलं, शिवरात्रीला पोरांकडं नांदेडला जायचं, तेही आतल्या वाटांनी, हायवे फक्त आडवा ओलांडायचा. रेणापूरहून ते चाकूरला आले, जेवले, झोपले, आणि सकाळी दोघं निघाले. पहिला मुक्काम वाटेवरच्या एका मठात झाला. हरभरा काढणीला आला होता, करडईची बोंडं वाळत होती, आणि अख्ख्या सकाळभरात त्यांना भेटल्या त्या दोन बैलगाड्या आणि एक मेंढरांचा कळप. खरंच सुंदर होतं सगळं. पण थकलेल्या माणसाला सुंदर गोष्टीचासुद्धा राग येतो, तसा गुरुपादप्पांना त्या डोंगराचा राग येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका दरीतून वर चढणाऱ्या पांदणीत घोटाळा झाला. मागच्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडून गेला होता. वरून वाळलेली काळी माती आत चिकट होती. धोंडप्पांच्या सायकलच्या चाकात आणि गिअरात ती गच्च बसली. त्यांनी जोर लावला, कट्कन आवाज आला आणि साखळी अडकली. काडीनं चिखल काढून झाला, पण पायडल काही फिरेना.

"वर एखादं गाव लागंल. ढकलत नेतो," म्हणून धोंडप्पा चालू लागले.

गुरुपादप्पांची जुनी सायकल धडधाकट होती. मडगार्ड कधीच काढून टाकलेले, त्यामुळं चिखल अडकायला जागाच नव्हती. पण इवाई पायी चालतोय आणि आपण सीटवर बसायचं? तेही उतरले आणि चालती सायकल हातात धरून इवायाच्या मागं ढकलत निघाले. कुणी पाहिलं असतं तर पोट धरून हसलं असतं. त्या रानात हसायलाही कुणी नव्हतं.

सायकलवर गुडघा कसाबसा निभायचा, चढावर चालताना मात्र तो सुरी खुपसल्यासारखा दुखू लागला. ते ओठ दाबून चालले. मग एका वळणावर गुडघ्यानं दगाच दिला, सायकल एकीकडं पडली आणि गुरुपादप्पा बांधावर बसले ते उठेनातच.

धोंडप्पांनी आवाज ऐकून वळून पाहिलं. "काय झालं? तुमची बी बिघडली का?"

"न्हाई. चांगली हाय."

"मग बसून चलायचं की. चालत कशाला येऊन राहिलात?"

"तुमी चालताना मी कसा बसू, इवाई?"

धोंडप्पा हसायला गेले, पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहून हसू तोंडातच राहिलं. आणि मग इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदाच बाहेर पडलं. गुरुपादप्पा म्हणाले, "मला हे आता व्हत न्हाई. कधीच व्हत नव्हतं. माझा गुडघा गेलाय."

"मग सांगायचं न्हाई का? मी काय धरून आणलं व्हतं तुमाला?" धोंडप्पांचा आवाज चढला.

"पोरगी तुमच्या घरात हाय."

धोंडप्पांनी सायकल आडवी केली आणि तेही बांधावर टेकले. बराच वेळ ते मातीचं ढेकूळ हातात चुरत राहिले. त्यांनाही एक मुलगी होती, रूपाली, उदगीरला दिलेली.

"रूपालीचा सासरा भजनाचा नादी हाय," ते शेवटी म्हणाले. "मी गेलो की पहाटंपस्तोर बसवतो. मला भजनातलं काय कळतं? डोळं मिटून जातात. तरी टाळ वाजवत बसतो, अन् वर म्हणतो, लई गोड गाता तुमी."

धोंडप्पा उठले, पडलेली काळी सायकल त्यांनी उभी केली आणि हँडल इवायाच्या हातात दिलं.

"बसा. अन् फुडं व्हा."

वरच्या गावात वेल्डिंगवाल्यानं गिअर काढून साखळी कशीबशी बसवून दिली. आता धोंडप्पांची सायकल रडतखडत चालत होती. गुरुपादप्पा पुढं निघाले. पहिल्याच उतारावर त्यांनी सवयीनं ब्रेक दाबला, मग सोडला. तोंडावर वारा आला. आनंद वगैरे फार झाला नाही, अंगात तेवढं त्राणच उरलं नव्हतं. पण समोर लाल दिवा नव्हता, नुसती वाट होती, आणि त्यांना ते बरं वाटलं.

दिवस कलता ते नांदेडात शिरले. सोमेशच्या गल्लीत पोचले तेव्हा अंजू दारातच उभी होती. बाप दिसला आणि तिचा चेहरा उतरला. ती पायऱ्या उतरून धावत आली, बापाकडं न बघता त्यांच्या मागं सासऱ्याला शोधत.

"अप्पा, तुमी फुडं कसे? मामा कुठं हायत? काय बोलणं झालं का तुमच्यात?"

गुरुपादप्पांना वाटायचं, वाकतो ते आपण एकटेच. पोरगी इकडं दारात उभी राहून पुढं कोण, मागं कोण तेच बघत आली होती, हे त्यांना आज कळलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरून कुईकुई करणाऱ्या सायकलवर धोंडप्पा आले. "काय झालं न्हाई, पोरी," ते धापा टाकत म्हणाले. "तुझा बाप माझ्यापेक्षा चांगली सायकल हाणतो, एवढंच आज कळलं. पाणी आण."

अंजूनं पाणी आणलं. ग्लास सवयीनं आधी सासऱ्यापुढं गेला. धोंडप्पांनी हात मागं घेतला आणि हनुवटीनं तिच्या बापाकडं दाखवलं.

गुरुपादप्पांनी ग्लास घेतला, ओठाशी नेला आणि थांबून इवायाकडं पाहिलं.

"प्या की वो," धोंडप्पा म्हणाले.

मग ते प्याले.