डिशमधले सांडगे

आमच्या गच्चीवर जुनी डिश उताणी पडलेली आहे. बायको तिच्यात सांडगे वाळत घालते. त्याआधीच्या अँटेनाला तर कधीचीच कपड्यांची दोरी बांधली आहे. तो अँटेना फिरवत मी एकेकाळी ओरडायचो, "आलं का चित्र?" डिश बसली त्या दिवशी पेढे वाटले होते. दोन्ही वेळा वाटलं होतं, आता याच्यापुढे काही नाही.

निवृत्तीच्या पैशातून मी बिनतारी इंटरनेटची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले. तिचाच पांढरा डबा आता कठड्यावर बसला आहे. "काका, वीस वर्षं हात लावू नका," ब्रोकर सांगतो. भाव चढतोही आहे. तरी मी रोज त्या डब्यासमोर येरझाऱ्या घालतो. याच्याही पुढचं काहीतरी कुणीतरी, कुठेतरी बनवत असेलच की!

आज सांडगे उलटताना बायकोनं विचारलं, "सारखं काय बघता त्याच्याकडे?"

"किती वर्षं टिकेल, ते."

तिनं पदराला हात पुसले, डबा सगळीकडून निरखला.

"बंद पडला की टाकून देऊ नका हं," ती म्हणाली. "पुदिना छान येईल यात."