दाढेच्या उरलेल्या गोळ्या आणि ह्यांचं बीपी

मैत्रिणींनो, आज सकाळी डिचोलीला डॉक्टरांसमोर माझीच चूक उघडी पडली.

आमच्या ह्यांचं बीपी पंधरा दिवस वरच चाललं होतं. बीपीची गोळी रोज पूजा आटोपली की मी स्वतः हातावर ठेवते, तरी उतरेना. माझा संशय लोणच्यावर. पेज अळणी केली आणि खारातल्या आंब्यांची बरणी देवघरात नेऊन ठेवली. तिथे हे हात घालणार नाहीत! "अगो, देवाक बीपी नाय काय?" म्हणायचे.

आज डॉक्टर गोळी वाढवायलाच निघाले होते. सहज विचारलं, "काका, आणखी काही घेता?"

"काजू वेचूक वाकान गुडघे दुखतत, म्हणान ही रोज एक गोळी देता."

माझ्या दाढदुखीच्या दोन पट्ट्या उरल्या होत्या. चांगल्या गोळ्या फुकट कशाला घालवायच्या, म्हणून मीच सुरू केल्या होत्या.

मी तसं सांगताच डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकी, ह्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात. बीपीच्या गोळीचा जोरही कमी करतात."

म्हणजे पेजेतलं मीठ काढलं मी, आणि अंगात साठवलंही मीच! त्या गोळ्या बंद झाल्या, बीपीची आहे तीच ठेवली. आठवड्याने पुन्हा तपासायचं आहे.

बाहेर आल्यावर मला रडूच फुटलं. हे म्हणाले, "रडा नको गो. तुझ्या हातची म्हणान एक पण चुकवलंय नाय."

तुमच्याही घरचा माणूस तुमच्या हातचं असंच डोळे मिटून गिळतो ना? मग देण्याआधी तुम्ही कुणाला विचारता?