येऊरच्या पायवाटेवर न पोचणारी बाई

या सदरातले अतर्क्य अनुभव मी आजवर जेवताना वाचून हसलेलो आहे. आमचं घर बौद्ध, बावीस प्रतिज्ञा लहानपणापासून पाठ, त्यात मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिस्ट. जे टेस्ट करता येत नाही ते मी मानत नाही, आणि मानणाऱ्याशी वाद घालायची मला खोड आहे. तेव्हा हे माझ्यासारख्याने लिहावं याचाच मला राग येतोय... पण मनात ठेवूनही चैन पडत नाही.

माझ्या मुलीचं, प्राजक्ताचं, ठाण्यातल्या निकेशशी जमलं होतं. तो आगरी, वडील नाहीत, त्यांच्या शेतांवर आता टॉवर उभे आहेत. त्याच्या आईचा लग्नाला विरोध होता आणि तो जातीवरून होता — उगाच गुळमुळीत कशाला बोला. एकदा भेटते म्हणाल्या, पण आम्हाला घरी बोलवायचं नाही आणि आमच्या घरी यायचं नाही! शेवटी निकेशने मधला मार्ग काढला. नॅशनल पार्कची येऊरची बाजू. रविवारी सकाळी डोंगरावर थोडं फिरायचं, वर बसून डबा खायचा आणि बोलायचं. बायकोचा गुडघा धरला होता, म्हणून आम्ही बापलेकच निघालो. प्राजक्ताने लवकर उठून घावणे केले होते. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा ती सारखी डबा चाचपत होती. काकींनी, म्हणजे निकेशच्या आईने, नाही म्हटलं तर निकेश त्यांच्याविरुद्ध जाणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिचं सगळं त्या एका सकाळवर होतं.

चौकीवर निकेश आणि त्याची आई थांबले होते. तिकीट काढून आम्ही चौघं चढायला लागलो. थंडीचे दिवस, पायाखाली वाळका पाला, खालून गाड्यांचे हॉर्न. जिथे पायवाटेला फाटा फुटतो तिथे एक दगड आहे, आणि त्यावर हिरव्या-सुक्या डहाळ्यांचा हा एवढा ढीग. जाणाऱ्याने एक हिरवी डहाळी ठेवायची आणि मगच पुढे जायचं, अशी तिकडची रीत. पार्कात पान तोडायला बंदी आहे, असं मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो. निकेशच्या आईने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. एक डहाळी स्वतःची ठेवली, एक निकेशची. मी काहीच न ठेवता पुढे झालो. प्राजक्ताने मात्र एक तोडून ठेवली. मला आवडलं नाही, पण ती कोणासाठी ठेवतेय ते कळत होतं.

त्या बाईंनी ती डहाळी दोन बोटांनी उचलली आणि बाजूच्या झुडपात टाकली.

"पोरी, तू नको ठेवू. हा आमच्या घरचा मान हाय. तुमचा हात नाय चालत त्याला."

नेमकी तेव्हाच निकेशला बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथूनच मागे फिरणार होतो, पण प्राजक्ताने माझा दंड दाबून धरला. वर खडकावर बसल्यावर त्या बाईंनी स्वतःचाच डबा खाल्ला. आमच्या घावण्यांना हात लावला नाही. आपण जिवंत असेपर्यंत हे लग्न होणार नाही, एवढं खालच्या टॉवरांकडे बघत सांगितलं आणि डबा बंद केला. आम्ही उठलो. बाई मुद्दाम मागे राहिल्या, आमच्याबरोबर चालायला नको म्हणून.

दगडापाशी येऊन आम्ही तिघं थांबलो. मागची वाट सरळ होती, अगदी उघडी. बाई आमच्याकडे येताना दिसत होत्या. त्यांच्या शेजारी पांढऱ्या बुंध्याचं एक कांडोळाचं झाड होतं. पाय चालत होते, बांगड्या वाजत होत्या, धूळ उडत होती... आणि झाड त्यांच्या शेजारीच होतं. मला वाटलं, दमल्यात, हळू चालतायत. मग त्या भरभर चालायला लागल्या. मग पळायला. झाड मागे जात नव्हतं. त्यांचा श्वास आम्हाला ऐकू येत होता.

मागून एक तरुण जोडपं सेल्फी काढत आलं. बाईंच्या बाजूने, मग आमच्या बाजूने निघून गेलं. त्यांना काहीच वावगं दिसलं नाही.

निकेश धावत गेला. त्याने आईचा हात धरलेला मी या डोळ्यांनी बघितला. तो परत आला तेव्हा मूठ तशीच आवळलेली होती, पण रिकामी, आणि बाई झाडाजवळच. हात धरलेला मी, हात धरलेला... एवढंच तो बोलत राहिला. माझे पाय मात्र जागचे हलले नाहीत. मी घाबरलो होतो, साफ सांगतो.

"पोरी, ठेव गं तुझी ती," बाई तिथून ओरडल्या. आवाज पार फाटला होता. "मना येव दे."

निकेश प्राजक्ताच्या हातापाया पडायला लागला. तिने त्याच्याकडे शांतपणे बघितलं.

"मघाशी काकींनी ती फेकली, तेव्हा तू काय करत होतास?"

प्राजक्ता तशीच उभी राहिली, बराच वेळ. मी तिला ठेव म्हणालो नाही, नको पण म्हणालो नाही. शेवटी तिने झुडपात हात घालून तीच डहाळी काढली आणि दगडावर ठेवली. बाई चालत आल्या. आपण कोणीही येऊ तशा, सरळ. येऊन मटकन खाली बसल्या. चपलेचा अंगठा तुटला होता, पाठ घामाने भिजली होती. प्राजक्ताकडे त्यांनी मान वर करून बघितलं नाही.

नंतर मी एकटा जाऊन ती वाट दोनदा चाललो. उताराचा भास, बीपी, घाबरून आलेला झटका, सगळं लावून बघितलं. एकही धड बसत नाही. त्यात आम्हा चौघांत डहाळी न ठेवणारा मी एकटाच, आणि मला काहीच झालं नाही. बाईंनी तर ठेवली होती.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. "पोरगी द्या आमाला. आमचा कसलाच विरोध नाय." आवाज थरथरत होता. मी खूश होऊन प्राजक्ताला सांगितलं, तर ती नाही म्हणाली. त्या घाबरून हो म्हणतायत, आणि निकेश अजूनही आईपलीकडे स्वतःचं काही बोलतच नाही, असं तिचं म्हणणं. मी समजूत काढायला लागलो. भीती जाते, माणसं सुधारतात, वगैरे. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"पप्पा, मी तिथे उभी होते ना, तेव्हा त्या पोचूच नयेत असं मला वाटत होतं. कधीच. अगदी आतून. डहाळी ठेवली तेव्हासुद्धा."

मनात आणून असं काही होत नसतं, मी म्हणालो.

"तुम्ही सायन्सवाले आहात. नक्की नसतं ना?"

आयुष्यभर लोकांना ठणकावून दिलेलं उत्तर ओठांवर होतं. तिला ते फार हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि मला ते देता आलं नाही.