सर्व्हरवरचे पेले

आमच्या लातुरात क्लास इतके, की गच्चीवरून खडा टाकला तर फिजिक्सच्या सरालाच लागतो. त्यातल्या एका क्लासचे कॉम्प्युटर सांभाळणारा हा गृहस्थ. जिन्यावरून मांजर उतरलं तरी सगळ्यांच्या आधी हा रस्त्यावर! टेबलावरच्या सर्व्हरवर त्यानं स्टीलचे दोन पेले एकावर एक पालथे ठेवलेले. जमीन हलली की वाजावेत म्हणून. भूकंपापासूनची सवय. आम्ही हसलो की म्हणायचा, "हसा मालक, हसा."

एका सकाळी सर्व्हर बंद पडला. रविवारच्या बॅकअपवरून, म्हणजे जपून ठेवलेल्या नकलेवरून, त्यानं मशीन पुन्हा उभं केलं; हजेरी, मार्क, सगळं जसंच्या तसं. मी तिथला कारकून, ओरडलो, "लाव की नेटची केबल! मुडदा उठवलास गड्या!"

"थांबा," तो म्हणाला. "रविवारी ती निलंग्याची पोरगी जित्ती होती."

सोमवारी ती तापानं गेली होती. आम्ही हजेरीतून काढलेलं तिचं नाव बॅकअपनं परत आणलं होतं. केबल लावली की गैरहजर पोरांच्या घरी आपोआप मेसेज जाणार होता: आपली मुलगी आज क्लासला आलेली नाही.

"मशीनला काय ठाव, मालक. त्येच्यासाठी अजून रविवारच हाय."

त्यानं नाव शोधलं. पुसायच्या बटनावर बोट ठेवून बराच वेळ तसाच बसला. मग त्यानं बटन दाबलं.

पेले खणखणले. मी दाराकडे पळालो. तो जागचा हलला नाही. जमीन शांत होती. थरथरत होता तो टेबलावर टेकलेला त्याचा हात.