दूधवाला दिसला होता

उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री, ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात वडील पौरोहित्य करत. दादाने मात्र पोथी हातात धरली नाही, एक जुनी मारुती व्हॅन घेतली. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांना तो स्टेशनवरून मैदागिनच्या चौकापर्यंत आणायचा. पुढे गल्ल्यांतून सगळे पायीच. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्याने मोबाइल घेतला. तो गिअरजवळ ठेवलेला असायचा.

"गाडी चालवताना बोलत जाऊ नकोस रे," आई म्हणायची.

"मालूम आहे गं," दादा म्हणायचा. त्याला खरंच माहीत होतं.

त्या सकाळी साताऱ्याचं एक जोडपं मुलाच्या अस्थी घेऊन आलं होतं. बरोबर बाई असली की दादा मला सोबत न्यायचा. मी पुढे बसले होते. कबीरचौऱ्याच्या अलीकडे फोन वाजला आणि त्याने उचलला.

"हो, हो, मिळेल खोली. माणसं किती?"

तो समोरच बघत होता. मीही समोरच बघत होते. सायकलला दोन्हीकडे कॅन लावलेला एक दूधवाला आमच्या पुढे चालला होता. तो जवळ जवळ येत गेला. मला वाटलं, दादा आता ब्रेक मारेल. मग आवाज झाला.

दूध रस्त्यावर पसरलं. दूधवाला खाली बसून स्वतःच्या पायाकडे बघत होता. "टूट गइल का?" असं कुणाला तरी विचारत होता. मी उतरले, त्याची चप्पल उचलली आणि ती धरून उभी राहिले. गाडीत फोनमधून अजून "हॅलो, हॅलो" येत होतं.

"चूक त्याचीच. मध्येच आला," मागचे गृहस्थ म्हणाले. तो मध्ये आला नव्हता. त्यांच्या पत्नी मांडीवरचा कलश घट्ट धरून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

लोक जमले, ओरडले. जोडप्याला रिक्षात बसवून दादाने दूधवाल्याला इस्पितळात नेलं. हाड मोडलं होतं. पुढे ते जुळलं, पण त्याचं लंगडणं गेलं नाही. दादा बरेच दिवस त्याच्या घरी जात होता.

दुपारी तो जिन्यात बसला होता. मी विचारलं, "तुला तो दिसला नाही का?"

"दिसला ना. पूर्ण वेळ दिसत होता." मग म्हणाला, "दिसला, पण ध्यानात नाही आला. मी मनात खोल्या लावत होतो."

"मग उचलतोस कशाला?"

"वाजला की वाटतं, एवढा एक घेतो. नाही घेतला तर तो माणूस दुसऱ्याच्या दारात जाणार. आणि रोज घेतोच की. रोज काही होतं का?"

ऊन जिन्यावर आलं तेव्हा आम्ही उठलो.

त्यानंतर फोन बंद करून डिकीत ठेवला गेला. काही दिवसांनी तो सीटखाली आला, मग पुन्हा गिअरजवळ.

एकदा लहुराबीरच्या गर्दीत तो वाजला. दादाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी फोन घेतला, बटण दाबलं आणि त्याच्या कानाशी धरला.

"बोला," तो म्हणाला.

लग्न होऊन मी निघून गेले, तोवर ते काम माझ्याकडेच होतं.