ताईंची उजवी बाजू

भिवंडी तालुक्यात पूर्ण्यापासून वडप्यापर्यंत माझ्या थोरल्या नणंदेइतकी माणसांना घाबरवणारी बाई दुसरी नसेल, आणि मनातून तिच्याइतकी घाबरलेलीही नसेल. पहिली गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक आहे. दुसरी मला एकटीला कळली, तीही उशिरा. ताईंच्या शेताच्या जागी आता भलंमोठं गोदाम आहे. तिथे मागे घेताना एका कंटेनरने त्यांच्या शेवग्याला धक्का दिला, तर ताई कमरेवर हात ठेवून त्या धुडाच्या मागे उभ्या राहिल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "पहले नीचे उतर. झाड को देख. अब बोल, किसका गलती हाय?" त्या सहा फुटी माणसाने झाडाची माफी मागितली, असं गोदामाचा वॉचमन अजून सांगतो.

सहा वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे ताईंचा डावा स्तन काढावा लागला. ऑपरेशन, केमो, रेडिएशनचा शेक, सगळं त्यांनी न कुरकुरता पार पाडलं, कारण कांजण्यांसारखा हा आजारही माणसाला एकदाच होतो अशी त्यांची पक्की समजूत होती. पाच वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्या पेढे घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी पेढा खाल्ला आणि शांतपणे सांगितलं, की जुना आजार परतण्याची भीती बरीच कमी झाली आहे, पण उजव्या बाजूला किंवा दुसरीकडे कुठे अगदी नवा कॅन्सर होऊ शकतो. ज्यांना कधीच झाला नाही त्यांच्यापेक्षा तुम्हाला ती शक्यता थोडी जास्त. तेव्हा वजन उतरवा, रोज चाला, दारू नको, तंबाखू तर मुळीच नको.  घरी आल्यावर ताईंनी उरलेले पेढे शेजारी वाटले आणि मिश्रीची डबी चुलीत रिकामी केली.

लग्नाआधीपासून रोज सकाळी मिश्री घासणारी बाई ती. पुढचे आठ दिवस त्यांच्या अंगणातून कुत्रंसुद्धा गेलं नाही. मग आपण सोडलं तर घरात धूर तरी कशाला, म्हणून नवऱ्याची विडी बंद झाली. तो बिचारा गोदामामागे जाऊन ओढायचा, तर ताईंनी वॉचमनलाच फितवलं. आमच्याकडे हळदीच्या मांडवात बायकांच्या घोळक्यातही दारूचा ग्लास फिरतो, त्यातला एक ताईंचा ठरलेला असे. आता त्या कोकम सरबत घेऊन मधोमध बसत आणि ग्लास उचलणाऱ्या प्रत्येकीला विचारत, "छाती शेवटची कधी तपासली गो?" एका हळदीला नवरीची आत्या त्या धसक्याने न जेवताच निघून गेली. सकाळी गोदामाभोवती फेऱ्या मारायच्या, आणि सोमवारी पार्सलं मोजायच्या काट्यावर चढून वजन करायचं. हमाल त्यांच्यासाठी फेऱ्या मोजायचे. "मौसी, छे हुआ," असं कोणी म्हटलं की ताई चालता चालता सांगायच्या, "सात हुआ. तू चाय पीने गया था." आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचे. ती बाई रोज कशापासून पळत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी ताई न कळवता आमच्या भिवंडीच्या घरी आल्या. पाणीसुद्धा न पिता आतल्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, दार लाव. हात दे तुझा." माझा हात त्यांनी उजव्या काखेच्या खाली नेला. बोटांना मटाराएवढं काहीतरी लागलं. 

"कधीपासून?"

"पंधरा दिस झाले."

"आणि तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"बोलले असते तर खरं झालं असतं," ताई म्हणाल्या. गावभर बायकांना तपासायला हाकलणारी ही बाई पंधरा दिवस आंघोळ करताना उजवीकडे हात न्यायला घाबरत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याच्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाई नवीन होत्या. त्यांनी सगळी माहिती पहिल्यापासून विचारायला घेतली. पाळी कधी सुरू झाली, कधी थांबली. ताई पोलिसाला द्यावीत तशी उत्तरं देत होत्या.

"पहिलं मूल झालं तेव्हा वय?"

"सतरा."

मी चमकले. त्यांचा मोठा मुलगा झाला तेव्हा ताई एकवीस वर्षांच्या होत्या, हे मला नक्की माहीत होतं.

"एकूण बाळंतपणं?"

"तीन."

मला त्यांची दोन मुलं ठाऊक. बाईंनी मान वर न करता विचारलं, "तिन्ही मुलांना अंगावर पाजलंत?"

"दोघांना दीड-दीड वर्ष. पहिलीला अकरा दिवस," ताई म्हणाल्या. "पुढे ती न्हाय राहिली." त्यांनी पदर नीट केला आणि एकदम विचारलं, "बाई, तिला मी आणखी पाजलं असतं, तर मना हे झालं नसतं का?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही हो. हे मी धोक्याचा अंदाज यावा म्हणून विचारते, तुमची चूक शोधायला नाही. पाळी, बाळंतपणं, दूध, यातलं काही आता बदलता येत नाही. आणि ते वेगळं असतं तर आजार टळला असता, असंही कोणी सांगू शकत नाही. जे आपल्या हातात आहे ते तुम्ही करताच आहात. चालता, तंबाखू सोडली. बस, तेवढंच."

ताईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. सुईने गाठीचा तुकडा काढला आणि रिपोर्टला आठवडा लागेल म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात ताई कोणावरही ओरडल्या नाहीत. कंटेनर अंगणापर्यंत आले, नवरा ओटीवर बसून विडी ओढू लागला, तरी त्या भिंतीकडे बघत बसून राहिल्या. मग त्यानेच ती विडी विझवली.  आंघोळीला गेले की मीही स्वतःला चाचपत बसायचे आणि काही लागलं नाही तरी खात्री वाटायची नाही.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघीच गेलो. डॉक्टरीणबाईंनी पाकीट उघडून वाचलं आणि म्हणाल्या, "साधी गाठ आहे. कॅन्सर नाही." मी ताईंचा हात धरला. "आता न्हाय," ताई म्हणाल्या, "पण पुढं?" "पुढे दर वर्षी तपासायचं. घाबरत घाबरत का होईना, यायचं," बाई म्हणाल्या.

परतताना रिक्षा कशेळीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकली. खाली खाडीला ओहोटी होती. मी विचारलं, "ताई, नाव काय होतं तिचं?"

"बाराव्या दिवशी बारसं ठेवलं व्हतं," त्या म्हणाल्या. "झालंच न्हाय. मी आपलं मनात चंपा म्हनायचे."

रिक्षा थोडी पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. ताई पाण्याकडे बघत होत्या.

"आज चाळिशीपुढची असती गो. तिला पन घेऊन आले असते तपासायला. ती न्हाय बोलली असती, तरी आणलं असतं."