तरास इचारू नको

सिस्टरबाई पाणी प्यायच्या आधी त्याचा वास घ्यायच्या. कुणाच्याही घरी, घरच्या बाईच्या देखत. पाहुण्यानं पेला असा नाकाशी नेला तर आमच्याकडं जन्माचा अबोला धरतात. पण सिस्टरबाई वास घेऊन झाला की तेच पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायच्या, त्यामुळं रागही धरता यायचा नाही. "आज जरा जास्तच मारतंय," एवढं म्हणायच्या आणि वहीत लिहून ठेवायच्या.

नगरजवळच्या आमच्या गावात त्या उपकेंद्राच्या नर्स होत्या आणि मी त्यांच्या हाताखालची आशा सेविका. बाईंचं गाव शेवगावकडचं, घर ख्रिस्ती. लग्न केलं नव्हतं. जेवायच्या आधी डोळे मिटून दोन शब्द पुटपुटायच्या आणि मग ठेचा असा खायच्या की बघणाऱ्याला घाम फुटावा. गावाच्या माळावर पेट्रोल-डिझेलचा डेपो आहे. तिथलं टँकर धुतलेलं पाणी ओढ्याला येतं, आणि ओढ्याकाठी आमची विहीर. तिच्या पाण्यावर मोरपंखी तवंग येतो. गावातली निम्मी कर्ती माणसं डेपोवर कामाला, म्हणून पोरांना जो तवंग दिसतो तो मोठ्यांना दिसत नाही.

कुणाच्या दारात गेल्या की बाई आधी दोरीवर वाळत घातलेल्या साड्यांकडं बघायच्या. पदर कुठं उडतो त्यावरून वारा डेपोकडून आहे का ते त्यांना कळायचं. मग प्रश्न सुरू. उठल्या उठल्या डोकं दुखतं का? चहाला वास येतो का? अंगावर काळे-निळे डाग उठतात का? "बरं आहे का" असं मात्र त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. म्हणायच्या, "बरं हाय का इचारलं की मानूस बरं हाय म्हनतंच, मंगल. ते उत्तर न्हाई, ते रामराम हाय."

मी त्यांना कितीदा सांगितलं, तुम्ही तरी जारचं पाणी घ्या. त्यांच्या क्वार्टरच्या टाकीत त्याच विहिरीचं पाणी यायचं. त्या हसायच्या. "बाळंतिणीला हिरीचं पानी पाजायचं आन् आपुन जार लावायचा? कुन्या तोंडानं जाऊ मी तिच्या दारात?" हा हट्ट मला तेव्हा चांगुलपणा वाटायचा. आता नुसता राग येतो.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. विहीर बंद व्हावी आणि गावाला दुसरीकडून पाणी मिळावं. त्यासाठी त्यांनी इतके अर्ज केले की तालुक्याच्या ऑफिसात त्यांना बघून शिपाई आधीच मान हलवायचा. शेवटी एकदा पाहणी मंजूर झाली. घरटी एक छापील फॉर्म, दोन दिवसांची मुदत. वरची आळी बाईंनी घेतली आणि डेपोला लागून असलेली खालची वस्ती मला दिली. मी तिथलीच सून, मला सगळी ओळखतात. फॉर्मवर मुख्य प्रश्न एकच होता: डेपोमुळे काही त्रास होतो का? होय किंवा नाही.

बाईंनी मला बजावलं होतं. "छापलंय ते छापलंय, पन तू तरास इचारू नको. सुनंला दारात तरास इचारला की तिला सासू दिसती, डेपो न्हाई दिसत. डोकं इचार, पानी इचार, आन् मंग होय-न्हाई तूच लिव."

दुसऱ्या दिवशी माझ्या भावाचा साखरपुडा होता पाथर्डीला. जीप पहिल्याच दिवशी दुपारी सुटणार होती. मी दारोदार पळत सुटले आणि छापील प्रश्न वाचत गेले. "डेपोचा काही त्रास?" उंबऱ्यात सून, तिच्या मागं सासू. एकजात सगळ्यांनी तेच सांगितलं, "न्हाई बया, तरास कसला? समदी चांगली हायेत." डेपो हा शब्द कुणाच्या कानात शिरलाच नाही. मला हे कळत नव्हतं असं नाही. लग्न झाल्यावर पहिली दहा वर्षं मीही हेच उत्तर दिलं होतं. तरी मी "नाही" लिहीत गेले आणि जीप गाठली.

फॉर्म तालुक्याला जायच्या दिवशी बाईंनी गठ्ठा चाळला. "खालच्या वस्तीतली सुमन न्हाई म्हनली? डोक्याला फडकं बांधल्याबिगर ती चुलीम्होरं बसत न्हाई." त्यांनी तो फॉर्म माझ्यापुढं धरला. "काय इचारलंस तिला?" मी सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "गाडीवाल्याला जरा थांबतो का बघ." फॉर्म न्यायला आलेला गाडीवाला थांबला नाही.

पुढं उत्तर आलं. डेपोलगतच्या वस्तीतच कुणाची तक्रार नाही, सबब फेरपाहणीची आवश्यकता नाही. बाईंनी तरी वही घेऊन खालची वस्ती पुन्हा पालथी घातली, या वेळी मला सोबत घेऊन. सुमनचं डोकं वहीत आलं, चहाचा वास आला, पोरांचा खोकला आला. ऑफिसातल्या साहेबांनी वही उघडलीसुद्धा नाही. छापील फॉर्म हाच पुरावा, म्हणाले.

त्यानंतर बाईंना चढण चढवेना. दंडावर डाग दिसू लागले, ते त्या पदराखाली झाकायच्या. नगरच्या दवाखान्यात रक्ताचा आजार निघाला. कशानं झाला असेल, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एका माणसावरून सांगता येत नाही, गावाची काही पाहणी झाली आहे का? मी हातातल्या रिपोर्टकडं बघत राहिले. बाईंनीही माझ्याकडं बघितलं नाही. ती त्यांची माया होती, आणि ती मला अजून सोसत नाही.

बाई गेल्या. त्यांच्या गावी माती दिल्यावर त्यांचे धाकटे भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुमी तिच्यासंगं कामाला हुतात. ती म्हनायची पान्याचं हाय. तसा काही सरकारी कागद हाय का? आसंल तर मी सोडनार न्हाई."

"कागद आहे," मी म्हणाले. "पण त्यावर त्रास नाही असं लिहिलंय."

"कुनी लिवलं?"

त्यांचे डोळे रडून सुजले होते. मी खाली ओल्या मातीकडं बघितलं.

"ऑफिसातल्या कुणीतरी," मी म्हणाले.